बाबांनी मागितलेली परवानगी

बंगळुरातल्या आमच्या राजाजीनगरच्या रस्त्यावर, फूटपाथवर काय काय आहे ते आधी सांगते. आमच्या घराखालच्या बेकरीचा कोल्ड्रिंकचा फ्रिज आहे. शेजारच्यांनी गाडी आत घ्यायला केलेला सिमेंटचा उतार आहे, तो निम्मा फूटपाथ खाऊन बसलाय. कोपऱ्यावर देऊळ आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते कोनाड्याएवढं होतं, आता त्याला लोखंडी जाळी आहे आणि बाहेर चपलांचा स्टँडही आहे. यातल्या कशालाही कुणी हात लावलेला नाही. हटली ती फक्त माझ्या बाबांची पेपरची पेटी. का, तर अख्ख्या रस्त्यात परवानगी मागणारा माणूस एकच निघाला, आणि तो माझा बाप होता!

हे लिहिताना अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरीसाठी पुण्याहून आले आणि इथलेच झाले. इथले झाले असं आपलं म्हणायचं, कन्नड मात्र भाजी घेण्यापुरतंच. रिटायर झाल्यावर कंपनीचं घर सोडायला मुदत असते, लोक महिनेच्या महिने चिकटून राहतात. बाबांनी निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी किल्ली नेऊन दिली आणि आम्ही या बेकरीच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर भाड्याने आलो. आई तेव्हा म्हणाली होती, "यांना नियम सांगावा लागत नाही, वासावरून कळतो."

मग आई गेली, आणि बाबांचं बोलणंच संपलं. माझं ऑफिस लांब, हेब्बाळला. सकाळी कॅबमध्ये बसायचं ते अंधार पडल्यावर परत. आल्यावर मी विचारायचे, "आज कुणाशी बोललात?" एकदा म्हणाले, "गॅसवाल्याशी." दुसऱ्या दिवशी कुणाशीच नाही. पुण्याला काकांकडे जाता का, म्हटलं तर नको. इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बागेत जा, म्हटलं तर तिथे सगळे कन्नड बोलतात, मी नुसता मान हलवत बसतो म्हणाले. मला भीती वाटायची. खोटं कशाला बोलू, हा माणूस न बोलता एक दिवस मिटून जाईल, अशीच भीती वाटायची.

ती पेटी यातून आली. बेळगावहून सकाळच्या बसने मराठी पेपर यायचा आणि ज्या दुकानात तो मिळायचा ते बंद पडलं. बाबा एजंटला भेटले. तो म्हणाला, एका घरासाठी कोण पेपर टाकणार, घ्यायचा तर गठ्ठा घ्या. बाबांनी गठ्ठा घेतला! मी कपाळावर हात मारला. पण हा गडी आठवडाभर कागदावर आकृत्या काढत बसला आणि मग पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या शेडमध्ये जाऊन पेटी बनवून घेतली. पत्र्याची, निळा रंग, वर काचेचं झाकण, बाजूला नाणी टाकायची फट. बेकरीसमोर फूटपाथवर चार बोल्ट मारून बसवली. झाकण उचला, पेपर घ्या, पैसे टाका. पाहायला माणूस नको. मी म्हटलं, "बाबा, चोरीला जाईल." ते म्हणाले, "बंगळुरात मराठी पेपर चोरून नेणारा कुणी भेटला तर मी त्याला चहा पाजीन."

चोर काही भेटला नाही. पण माणसं भेटली. पहिले काही दिवस बाबा झाकण नीट बसतंय का ते पाहायला खाली थांबायचे. मग झाकण बसायला लागलं तरी थांबायला लागले. सगळ्यात आधी आल्या त्या अक्का. त्यांचं घराणं इथे शेकडो वर्षांपासूनचं, शहाजीराजांबरोबर आलेल्यांतलं म्हणतात. त्यांची मराठी ऐकली की आधी वाटतं कन्नडच चाललंय. देवळातून येता येता त्या पेपर घ्यायच्या आणि तिथेच उभ्या राहून बाबांकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. आणखी चार-पाच जण जमायचे. एकदा बाबा अग्रलेख वाचत होते तर अक्का म्हणाल्या, "अण्णा, तुमचं पुण्याचं मराठी स्वल्प हळू सोडा की! बस पकडायची हाय काय?" आणि बाबा हसले. मी वर गॅलरीत दात घासत होते. आई गेल्यानंतर मी ते हसणं ऐकलंच नव्हतं. ब्रश तोंडात तसाच ठेवून मी रडले.

म्हणून सांगते, पेपर गेला खड्ड्यात. ती पेटी म्हणजे माझ्या बापाचं बोलणं होतं.

मग फूटपाथ मोकळे करायची मोहीम निघाली. बेकरीवाल्यानेच पेपरात वाचून सांगितलं की फूटपाथवर काही ठेवायचं तर परवानगी पाहिजे, नाहीतर उचलून नेणार. सांगितलं आणि स्वतः फ्रिज पुसायला लागला. रात्रीच्या जेवणात बाबा म्हणाले, "अर्ज करायला पाहिजे."

"कशाला नसती उठाठेव? कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारायच्या आधी सांगायचं असतं."

"बाबा, देवळाने अर्ज केलाय? फ्रिजने केलाय? मुकाट्याने बसा. ते लोक लॉरी घेऊन येतील, गाडे उचलतील, चार दिवसांनी सगळं थंड होईल. तुमच्या पेटीकडे कुत्रंही बघणार नाही."

"जागा सरकारची आहे. आपण न विचारता वापरतोय. ते आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी पुष्कळ आरडाओरडा केला. काही उपयोग नाही. ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्ड ऑफिसात गेले आणि अर्ज देऊन आले. सोबत पेटीची आकृती, मापांसकट!

तिथला एक तरुण इंजिनिअर जागा बघायला आला. चांगला पोरगा, त्याला नावं ठेवणार नाही. पेटी बघून खूश झाला, झाकण दोनदा उघडून पाहिलं. बाबा वर चष्मा आणायला गेले तेव्हा मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, सरांनी अर्ज दिला नसता तर मी इथून रोज गेलो असतो आणि काही बोललो नसतो. आता अर्ज आलाय. उत्तर द्यावंच लागेल." आणि उत्तर काय असणार ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

नियम असा की फूटपाथवर विक्री करायची तर विकणारा माणूस स्वतः हजर पाहिजे. नुसती पेटी चालत नाही. बाबांना हे अगदी पटलं. म्हणाले, "मग मी हजर राहतो." आणि हा सीनियर इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस बेकरीतून प्लॅस्टिकचं स्टूल मागून आणून फूटपाथवर पेपर विकत बसला. माझ्या ऑफिसमधल्या एकीने पाहिलं आणि विचारलं, घरी काही प्रॉब्लेम आहे का. मी म्हटलं, नाही ग, घरी खूप छान चाललंय. खरंच छान चाललं होतं. ते दिवस बाबांचे सगळ्यात सुखाचे गेले. अक्का त्यांच्यासाठी डब्यातून चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीभात, आणायच्या आणि "विकणाऱ्याने भुकेलं बसायचं नसतं" म्हणून समोर उभं राहून खायला लावायच्या.

पण विकणाऱ्याला पालिकेचं कार्ड लागतं, आणि कार्ड मिळतं ते ज्याचं पोट त्या धंद्यावर आहे त्याला. उत्पन्नाचं दुसरं साधन आहे का, असा प्रश्न होता. तो तरुण इंजिनिअर बाबांकडे बघत बसला, पेन हातात धरून. थोडं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. बाबांनी सांगितलं, "पेन्शन आहे. चांगली आहे." पायावर धोंडा मारून घ्यायचा तर किती नेमका मारावा!

नकार आला. लॉरी येऊन उचलून नेईल, असं त्यात होतं. बाबांनी लॉरीची वाट पाहिली नाही. पान्हा घेऊन खाली गेले, स्वतःच्या हाताने बोल्ट काढले. मी आणि बेकरीवाल्याने पेटी वर आणली. बोल्टांची भोकं उरली होती, त्यात कुणाचा पाय अडकेल म्हणून सिमेंट भरलं. आणि मग रोज सकाळी, ज्या वेळेला पेपरची बस यायची त्या वेळेला, तांब्या घेऊन खाली जाऊन त्या चार ठिपक्यांवर पाणी घालायचे. सिमेंटला पाणी दाखवावं लागतं, म्हणायचे. सिमेंट कधीच पक्कं झालं होतं. मी एकदाही टोकलं नाही. गॅलरीतून बघायचे आणि वाटायचं, खाली जाऊन त्या फ्रिजला लाथ घालावी.

तुम्ही म्हणाल, माणसं घरी का नाही बोलावली? बोलावली, पेटी काढतानाच जमलेल्यांना सांगितलं होतं. एकदा चौघं आले. अक्कांचे गुडघे गेलेले, त्या जिना बसत बसत चढल्या. सोफ्यावर सगळे पाहुण्यांसारखे बसले, मी पोहे केले, आणि कुणाला काही बोलायला सुचेना. रस्त्यावर येता-जाता जे जमतं ते घरात ठरवून जमत नाही. पुन्हा कुणी आलं नाही. पेपरचं तर काय, त्यांची मुलं त्यांना फोनवर काढून देतात. बाबांनी गठ्ठा बंद केला. मी ऑफिसमधून आल्यावर विचारणं सोडून दिलं, कारण उत्तर ऐकायचा धीर नव्हता.

पावसाळा संपता संपता बाबा गेले. सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि गेले. पुण्याहून काका पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता, डॉक्टर म्हणाले थांबू नका. खांदा द्यायला बेकरीवाला, त्याचा भाऊ, माझ्या ऑफिसमधले दोघे. बस. ज्यांच्याशी बाबा रोज बोलायचे त्यांतलं एकही माणूस नव्हतं. मला त्यांची घरं माहीत नव्हती. नंबर नव्हते. ते सगळे भेटायचे ते पेटीपाशी, आणि रोजच भेटायचे, मग पत्ता कोण विचारतो?

बेकरीवाला म्हणाला, "फ्लेक्स लावू या. फोटो टाकू, खाली नाव. इथेच समोर, खांबाला बांधू. सगळ्यांना कळेल."

इथे तशी रीतच आहे, कोण गेलं ते कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवरून कळतं. मी त्याच्याकडे बघितलं. "बाबांचा फ्लेक्स? फूटपाथवर? परवानगी न घेता?" आणि मला हसू आलं. हसता हसता असं रडू फुटलं की त्या बिचाऱ्याने बेकरी सोडून मला पाणी आणून दिलं. फ्लेक्स आम्ही लावला नाही.

बरेच दिवस गेले. एका रविवारी मी खाली ब्रेड घेत होते तर मागून आवाज आला, "काय ग! अण्णा कुठं दिसत न्हाईत?" अक्का. हातात देवळातली फुलं. मला काही बोलूच देईनात. "रागावले काय आमच्यावर? घरी बोलावलं आनि आम्ही परत आलोच न्हाई. माझे गुडघे बग की, तो जिना! सांग त्यांना, अक्काची चूक झाली म्हणून. स्वल्प खाली येऊ दे त्यांना, मी हितंच थांबते."

मी सांगितलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. बेकरीच्या पायरीवर त्या हळूहळू टेकल्या, फुलं मांडीवर तशीच. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, चांगली जोरात.

"एक कागद तरी चिकटवायचास ग भिंतीला," अक्का म्हणाल्या. "मी रोज हितनंच जाते की."