घोषणेची वाकळ

आमच्या आंदोलनाच्या फलकाची आमच्या आईनं वाकळ शिवली.

मी धाराशिवला खोली करून राहते आणि संघटनेची पत्रकं लिहिते. दिवसातून एकदा ‘जाहीर निषेध’ लिहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. (जेवताना समोर कुणी नसतं, निषेधाची तेवढीच सोबत.) लोहाऱ्याहून आमच्या गावाला जाणारी संध्याकाळची बस बंद झाली, तेव्हा तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या कापडांवर हातभर अक्षरांत ‘बस सुरू करा’ रंगवलं, गाठोडं आईकडं टाकलं आणि थेट मोर्चाच्या सकाळी उगवले.

अंगणात वाकळ उन्हाला टाकलेली. चौकोन, त्रिकोण, पट्ट्या. एका चौकोनात ‘ब’चं नुसतं पोट, एका त्रिकोणात काना, तोही आडवा.

“आई, ही घोषणा होती.”

“व्हय की. लई दणकट कापड. इतके महिने पडून होतं, वाटलं इसरलीस.”

“अक्षरं उलटी का लावलीस?”

“सुलटी लावली की वाचत पडावं लागतंय. झोप कवा यायची?”

“म्हणजे मनाला येईल तसं?”

“मनाला कसं? नियम असतोय. एका रंगाला तोच रंग शिवू द्यायचा न्हाय. बाकी मग खेळ.”

दुसरं कापड आणायला वेळ नव्हता. वाकळच घेऊन निघाले. आई मागोमाग आली. वाकळीच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास नाही.

लोहाऱ्यात कचेरीसमोर वाकळ टांगली. मोर्चाला पाच माणसं आली, त्यातली दोन जीपची वाट बघत होती. एका बाईनं टाका ओढून पाहिला. “केवढ्याला?” चित्रकलेचे एक मास्तर तेवढे मान तिरकी करून थांबले.

“अमूर्त आहे. आशय काय?”

“बस सुरू करा.”

ते चार पावलं मागं गेले. “हां. आता जाणवतंय.”

कारकून बाहेर आले. “मागणी वाचून दाखवा.”

मलाच वाचता येईना. राग काढायला काहीतरी हवं होतं. वाकळीच्या मधोमध दोन तांबडे तुकडे एकमेकांना खेटून शिवलेले दिसले. सापडलं.

“आई, तुझाच नियम मोडलास. तांबड्याला तांबडं?”

“ते तू अन् म्या,” आई म्हणाली. “घरात न्हाय तर न्हाय, वाकळीत तरी शेजारी असू दे.”

मग आईच कारकुनांकडं वळली. “बस लावा, साहेब. बस न्हाय म्हणून लेकीला घरी येता येत न्हाय. तीच म्हणती.”

“पण जीप असतात की दिवस मावळेपर्यंत,” कारकून म्हणाले.

असतात. आमच्या पाचांतले दोघं तेवढ्यात एका जीपमध्ये बसले आणि मला हात करून गेले.

वाकळ आईनं माझ्याच गळ्यात घातली. ती आता खोलीत असते. बस अजून बंदच आहे. परवा पत्रकात तावातावानं लिहिलं, ‘गावातल्या एकट्या माणसांना प्रशासन विसरलं आहे.’ मग त्या दोन तांबड्या तुकड्यांकडं लक्ष गेलं, आणि ‘प्रशासन’च्या पुढं गुपचूप ‘सुद्धा’ जोडलं.