ताईचा हात आणि तीन खात्यांची पोरं

माझी मोठी बहीण शिवणकाम करायची. तिच्या दुकानात मशीनवर मुली बसायच्या, पण कापड बेतायचं आणि कापायचं ते ताईनेच. कात्री ती कुणाच्या हाती देत नसे, माझ्या तर नाहीच. "तुझा हात वाकडा जातो," म्हणायची, आणि जायचाच. मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात काही आला नाही. बोटं मिटली ती मिटलीच. दुकान बंद झालं आणि ताई माझ्याकडे राहायला आली. घास मी भरवला तरी तिला चालायचं, केस मी विंचरले तरी चालायचं. तिला हवं होतं एवढंच की पुन्हा स्वतः कापड कापता यावं.

तिचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी विद्यापीठाची मुलं आणली. तिथे म्हणे अशी पद्धत आहे: वेगवेगळ्या खात्यांतल्या मुलांची मोट बांधतात आणि सांगतात, एखाद्या खऱ्या माणसाची अडचण शोधून सोडवा. आमच्या वाट्याला आले तिघे. एक यंत्रं शिकणारा, एक डॉक्टरकी शिकणारी आणि एक वस्तूंची रचना शिकणारी. ताईने लगेच नावं ठेवली: नटबोल्ट, नाडी आणि रंगपेटी. मी म्हटलं, तीन तिघाडा, काम बिघाडा.

सुरुवातीला झालंही तसंच. नटबोल्टने आणलेला लोखंडी पंजा पाहून नाडी किंचाळली, "अरे, हाड मोडशील त्यांचं!" रंगपेटी दोघांवर वैतागून माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली. पण भांडता भांडता ती पोरं एकमेकांचं ऐकायला लागली. रंगपेटीने ताईच्या हाताचा साचा घेतला, कुठे ओढायचं आणि कुठे अजिबात नाही ते नाडीने शाईने हातावरच आखलं, नटबोल्टने बारक्या मोटरी बसवल्या. हातमोजा तयार झाला.

त्या दुपारी ताईने एक जुनी चादर कापली. मोटरी कुरकुरत होत्या, कात्री अडखळत होती, पण काप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. "धार गेलीय हिची," एवढंच ताई म्हणाली. रडले मी.

परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाच्या सभागृहात तिने सगळ्यांसमोर कापड कापलं. टाळ्या पडल्या, पोरांचा पहिला नंबर आला. बाहेर येताच नटबोल्ट तिच्या हातातला मोजा काढू लागला.

"काढतोस कशाला रे? घालूनच जाते ना घरी."

त्याने नाडीकडे पाहिलं, नाडीने रंगपेटीकडे. "मोटरी खात्याच्या आहेत, मावशी," तो पुटपुटला. "परीक्षा झाली की सगळं सुटं करून परत द्यावं लागतं. पुढच्या मुलांना लागतं."

"हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?" मी ओरडले.

नाडीला वाटलं होतं, नटबोल्टने सांगितलं असेल. नटबोल्टला वाटलं होतं, घरच्यांशी बोलायचं काम रंगपेटीचं. आणि रंगपेटीला मोटरी कुणाच्या हेच ठाऊक नव्हतं.

पोरं वाईट नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. रिकामा मोजा त्यांनी आम्हाला दिला. मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, मोटरी बसवतो, पण ओढ किती ठेवायची ते सांगा. नटबोल्ट म्हणाला, ते नाडीला माहीत. नाडी म्हणाली, मी फक्त हातावर खुणा केल्या, ओढ त्याने ठरवली. तिघांना मिळून एक हातमोजा येत होता, एकेकट्याला काहीच येत नव्हतं. पुढे फोन उचलणंही बंद झालं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे रोग्यालाच सोडून सगळे गेले.

पुढच्या वर्षी प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा ताईचा चेहरा उजळला.

"हाताचा प्रश्न आमच्या मुलांनी सोडवला," ते कौतुकाने म्हणाले. "तो आता पुन्हा घेता येत नाही, नव्या मुलांना नवा विषय लागतो. तुम्हाला दुसरी काही अडचण आहे का?"

मी फोन आपटणारच होते. ताईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आहे ना. जिना उतरता येत नाही मला."

धडधडीत खोटं! रोज संध्याकाळी ती जिना उतरून कोपऱ्यापर्यंत फिरून यायची. फोन ठेवल्यावर मी तिला फाडून खाल्लं.

"अगं, पोरं घरी तर येऊ देत," ती म्हणाली. "ओळख झाली की हळूच हाताचं काढीन."

पोरं आली. तिने हाताचं काढलं. "ते झालंय, मावशी, आम्ही त्या परीक्षेचा व्हिडिओ पाहिलाय," पोरं हसून म्हणाली आणि जिन्याची मापं घेऊ लागली. मग खोटं उघडं पडायला नको म्हणून ताईने फिरायला जाणं सोडलं. मी चिडले, हातापाया पडले, पण ती हट्टाला पेटली होती. एखादा तरी ऐकेल, अशी तिला आशा होती.

त्यांचीही परीक्षा झाली. जिन्यावर बसवलेली सरकती खुर्ची सुटी होऊन परत गेली. मी म्हटलं, "चल, आता कुणी बघत नाही. खाली जाऊन येऊ."

ती दारापर्यंत आली, पहिल्या पायरीवर पाय टेकवला, आणि तो लटपटायला लागला. बसून बसून त्यातला जोर गेला होता, आणि कठडा होता उजवीकडे. मी तिला कमरेला धरलं. ती खाली बघत राहिली.

"चला," ती म्हणाली, "आता निदान खोटं तरी नाही राहिलं."

मी तिला आत आणलं आणि दार लावून घेतलं.