चुन्याचं बोट

रेवती झोपली आहे म्हणावं तर तंबूतलं घोरणं तिला ऐकू येतंय, आणि जागी आहे म्हणावं तर डोळे उघडत नाहीत. दुपारी चुलीवरचा पिठलं-भात अंमळ जास्तच झालाय. जीपच्या मागच्या सीटवर ती मुटकुळं करून पडलीय. समोर उतारावर, करवंदीच्या जाळीला लागून तंबू आहे, आणि त्यात तिचा नवरा जयसिंग आणि पाच वर्षांची इरा गाढ झोपलेत. रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. वनखात्याच्या जंगलातून डोंगर चढत गेलेली दगडमातीची चाकोरी नुसती. नळ नाही, संडास नाही, मोबाइलला रेंज नाही. हौस भारी ना, मग भोगा म्हणावं.

हौस मुळात आबांची, तिच्या वडिलांची. आबा गेल्या वैशाखात गेले, जीप मात्र मागे राहिली. तिचा हँडब्रेक नावापुरता आहे आणि गिअरवर भरवसा ठेवावा इतकं इंजिन तरुण राहिलेलं नाही. म्हणून गाडी उभी केली की आबांचं पहिलं काम ठरलेलं असे: उताराच्या अंगाला चाकाशी दगड. त्या दगडावर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं एक बोट ओढायचे, निघताना नजरेत यावा म्हणून. लोक दगड रस्त्यातच टाकून जातात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला जिवानिशी जातो, यावर ते तासभर तोंडाचा पट्टा चालवत. लावला त्यानंच उचलायचा, हा त्यांचा कायदा.

पुढच्या सीटची स्प्रिंग कुरकुरते. आबा बसलेत, तंबाखू मळत. रेवतीला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं. इराचा दात पडला, तुमचा तो खाकी कोट अजून खुंटीला आहे, असं ती भराभरा सांगत सुटते. आबा हं हं करतात, पण त्यांचं लक्ष काचेबाहेर आहे.

बाहेर जंगल नाहीच. घरचं स्वयंपाकघर आहे. पोळपाटावरून लाटणं घरंगळतं, ओट्यावरून खाली पडतं आणि दाराकडे पळत सुटतं. फरशी एवढी उतरती कधी झाली, ती विचारात पडते. ती लाटण्यामागे धावते आणि दाराबाहेर पाऊल टाकते, तर दवाखान्याचा तो लांबच लांब उतार. आबा स्ट्रेचरवर आडवे आहेत. स्ट्रेचर तिच्या हातात आहे आणि ओढ खाली आहे. उताराच्या तळाशी इरा पाठमोरी बसून खड्यांनी खेळतेय. रेवती हाक मारते, पण इरा वळून बघत नाही.

"दगड लावलास का?" आबा विचारतात.

"लावलाय की, आबा. काल आल्या आल्या."

"आणि सकाळी गाडी फिरवली."

तिला आठवतं. खरंच, सकाळी सामान काढायला सोपं पडावं म्हणून जयसिंगने गाडी फिरवून तिची पाठ वरच्या चुलीकडे केली. तोंड आलं तंबूकडे. आणि दगड? दगड त्याने सवयीने पुन्हा मागच्याच चाकामागे सरकवला. आता तिथे उतार नाही, चढ आहे. तिनेही बघितलं होतं, आणि दोघांच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता.

स्ट्रेचरची दांडी घामाने बोटांतून निसटायला लागते.

"आबा, मला उठवा."

"मी कुठला उठवणार, बाई? तुझी तूच ऊठ. तोवर मी बघतो."

दांडी सुटते.

धाडकन हिसका बसतो आणि रेवती सीटखाली आपटते. हे स्वप्न नाही, कोपर सोलवटलंय. ती सीटवरून पुढे उडी घेते, ब्रेकवर दोन्ही पाय रोवते आणि जयसिंगच्या नावाने असं ओरडते की जाळीतली पाखरं उठतात. जयसिंग इराला काखोटीला मारून तंबूतून बाहेर येतो. पोरगी रडतेय, तो वैतागलाय. गाडी तंबूपासून हातभरावर उभी आहे, ते पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरतो. तो वाकून पुढच्या चाकाकडे बघतो.

"पाय काढ. दगड आहे इथं. तू कधी लावलास?"

तिचा पाय निघत नाही. शेवटी एकेक पाय काढत ती खाली उतरते. मागे, वरच्या अंगाला, जयसिंगने सकाळी लावलेला दगड जागेवर पडलाय. तिथून खाली मातीत चाकांच्या दोन ताज्या रेघा उमटल्यात आणि पुढच्या टायरखाली दुसराच एक काळा दगड पक्का रुतलाय. त्यावर पांढरं बोट ओढलेलं आहे. ती हात लावते. चुना ओला आहे.

त्यांच्यात आता तंबाखू कुणी खात नाही.

मग तिथे थांबवत नाही. दोघं भराभर सामान भरतात. रेवती स्टिअरिंगला बसते, गाडी रिव्हर्समध्ये वर घेते, सपाट जागी लावते आणि परत खाली येते. जयसिंग दगड उचलायला वाकलेला असतो. ती त्याला बाजूला व्हायला सांगते. लावला त्यानंच उचलायचा, हे तिला पाठ आहे, आणि ते आता व्हायचं नाही हे मनाला पहिल्यांदाच पटतं. तिला हुंदका फुटतो.

"आबा, मी उचलते हं," ती म्हणते.

दगड चांगला जड आहे. तो पोटाशी धरून ती रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवते. घरी पोचेपर्यंत हात धूत नाही.