कलकत्त्याचा पाहुणा

यंदा उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडं एक पाहुणा होता. त्याच्या पायाचा गुण म्हणा की माझ्या जिभेचा, तेव्हापासून मला गावात मान वर करून चालता येत नाही. गावाला याची गंधवार्ताही नाही असं मी पुष्कळ दिवस समजून होते, ते वेगळंच.

कळंबला हायवेपासून थोडं आत आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी. बायका ट्रे भरतात, मी त्यांच्यावर ओरडते आणि रोपं उगवतात, असा धंदा. मुलगी बांगलादेशात डॉक्टरकी शिकायला होती. इथं परवडेल अशी जागा मिळाली नाही, तिथं मिळाली, एवढंच कारण. तिचं तिसरं वर्ष चालू असताना तिकडं मोर्चे निघाले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. इंटरनेट बंद, फोन बंद, वसतिगृह रिकामं करा म्हणून हुकूम. ते दिवस मी कसे काढले ते सांगत बसत नाही. देवघरातल्या देवांनाही मी तेव्हा वाटेल ते बोलले.

मुलीला तेव्हा तिच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईनं घरी ठेवून घेतलं. ना नातं ना गोतं, ना भाषा एक. पुढं रस्ते मोकळे झाल्यावर त्याच घरच्या माणसांनी तिला सीमेपर्यंत आणून सोडलं. नंतर ती परत गेली, शिकून आली, आता पुण्यात पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते. त्या बाईंचं आमच्यावर केवढं ऋण आहे, हे मी भेटेल त्याला सांगायचे. बोलायला काय लागतं?

त्याच बाईंचा धाकटा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर शिकायला आला. मेमध्ये कॉलेजचं वसतिगृह बंद झालं. तिकडं पुन्हा गडबड सुरू झाली होती, म्हणून त्याची आई म्हणाली, आत्ता येऊ नकोस. त्यानं एक खोली भाड्यानं घेतली. तेवढ्यात इकडं टीव्हीवर रोज आरडाओरडा सुरू झाला, बांगलादेशी शोधा, बांगलादेशी हाकला. खोलीवाल्यानं सांगितलं, पोरा, तू गुणाचा आहेस, पण सोसायटीतले लोक बोलतात, दुसरीकडं बघ.

मुलीचा फोन आला. "आई, महिनाभर ठेवशील का त्याला?"

"हे काय विचारणं झालं?" मी तिच्यावरच खेकसले. "त्या माउलीनं तुला ठेवलं नव्हतं?"

आमच्या ह्यांनी सगळं रीतसर केलं. मंचरला पोलीस ठाण्यात जाऊन तो कोण, कुणाचा ते कळवलं, मुलीनं फोनवर पाठवलेला त्याचा पासपोर्ट-व्हिसा दाखवला. तिथल्या हवालदारानं कागद बघितले आणि म्हणाला, "सगळं बराबर हाय. खुशाल राहू द्या." म्हणजे सरकारची हरकत नव्हती. हरकत घेणारी मीच निघाले.

पोरगा फाट्यावर एसटीतून उतरला. बारीक अंगाचा, चष्मा, पाठीवर सॅक आणि हातात त्याच्या आईनं कुणाबरोबर तरी पाठवलेला मिठाईचा डबा. आम्ही घराकडं निघालो तर वाटेत माझी थोरली जाऊ भेटली. तिच्या तावडीतून कोणी सुटत नाही.

"पावणं कुठलं म्हनायचं?" तिनं विचारलं.

पोरगा तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "कलकत्त्याचं."

मी हे आधी ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. शब्द आपसूक बाहेर पडला. पोरानं माझ्याकडं बघितलं. मराठी कळत नव्हतं तरी गावाचं नाव कळायला काय लागतं? मग त्यानं जावेला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "जी, कोलकाता."

एक खोटं सांभाळायला शंभर खोटी लागतात. त्याचं खरं नाव लोकांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. नावावरून धर्म कळतो. त्यांच्याकडं प्रत्येकाला घरचं एक लाडाचं नाव असतं, ते मी गावात सांगितलं. आईनं पाळण्यात घालताना प्रेमानं ठेवलेलं नाव मी लपवाछपवीला वापरलं. बायका विचारायच्या, हावड्याचा पूल केवढा आहे, कालीमाता बघितली का? कलकत्ता त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो हात पसरून पुलाची लांबी दाखवायचा. मी ट्रे मोजण्याचं नाटक करत खाली बघायचे.

एका शुक्रवारी त्यानं विचारलं, "आंटी, मंचरमध्ये मशीद आहे ना? जाऊन येऊ?" आमच्याकडं मंचरला, जुन्नरला पिढ्यान्‌पिढ्यांचे मुसलमान आहेत. रोपांवर सावलीला बांधतो ती शेडनेटची जाळी मंचरच्या ज्या दुकानातून येते ते दुकान त्यांचंच. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण मी म्हणाले, "ऊन लई आहे रे." तो हसला. मुलीच्या खोलीत जाऊन त्यानं नमाज पढला. दार मीच ओढून घेतलं आणि बाहेर टीव्हीचा आवाज वाढवला.

लेण्याद्रीला त्याला घेऊन गेलो तेव्हा तिकीटखिडकीजवळ मी त्याला कोपरानं ढोसलं, तू बोलू नकोस. परदेशी माणसाला तिकीट जास्त पडतं आणि वर चार माणसांत बोभाटा होतो. तिकिटं काढून पायऱ्यांकडं वळले तेव्हा फलक वाचला. आजूबाजूच्या देशांतल्या लोकांना आपल्याइतकंच तिकीट, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं. चोराच्या मनात चांदणं. वर चढताना मला धाप लागली, तर त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

स्वभावानं मी भित्री नाही. पाण्याच्या पाळीवरून मी भाऊबंदांशी भांडलेली आहे, ट्रॅक्टरपुढं उभी राहिलेली आहे. इथं मात्र माझं रोज पाणी पाणी व्हायचं. रात्री ह्यांना म्हणायचे, "लोकांना कळलं तर?" हे म्हणायचे, "कळलं तर काय करतील?" मी नुसती टीव्हीकडं बोट दाखवायचे.

मग यात्रा आली. मुलगीही पुण्याहून आली. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट भरला होता, धुरळा, भंडारा, शिट्ट्या. आम्ही बायका बांधावर उभ्या होतो. तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "आपल्या गावात लई लांबून आलेलं पावणं, त्यांनी ष्टेजवर यावं!" माझ्या थोरल्या दिरांनी पोराला हाताला धरून वर नेलं आणि त्याच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. पुकारणाऱ्यानं माईक त्याच्या तोंडापुढं धरला. "पावणं, दोन शब्द बोला!"

पोरानं गर्दीत मला शोधलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. तो म्हणाला, "राम राम मंडळी. मी कलकत्त्याचा. तुमचं गाव लई भारी." त्यानं ते रोपवाटिकेतल्या बायकांकडून पाठ केलं होतं.

पुकारणारा जरासा थांबला. एरवी त्याचं तोंड बंद होत नाही. मग तो म्हणाला, "बरं, बरं! टाळ्या होऊन जाऊ द्या!" आणि टाळ्या झाल्या.

संध्याकाळी पोरानं फेट्यासकट आईला व्हिडिओ कॉल लावला. बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. तो बंगालीत काहीबाही सांगत होता. त्यात 'कोलकाता' ऐकू आलं आणि बाईंचं हसू थांबलं. माझी मुलगी शेजारी बसली होती, तिला बंगाली येतं. ती उठून स्वयंपाकघरात माझ्यामागं आली.

"आई, तो सगळ्यांना कलकत्त्याचा म्हणून सांगतोय?"

"त्याच्या भल्यासाठीच सांगितलं मी."

"काय म्हणाली त्याची आई, माहितीय? म्हणाली, त्या लोकांना तुझ्यामुळं त्रास होत असेल तर निघून ये, त्यांच्यावर भार होऊ नकोस."

मी भाकरी थापत होते. मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिनं मला जे सांगितलं ते आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी घाबरीन म्हणून. त्या दंगलीच्या दिवसांत गल्लीतली काही पोरं काठ्या घेऊन दाराशी आली होती. इथं इंडियाची मुलगी लपवली आहे का, विचारत. माझी मुलगी आत पलंगामागं बसलेली. मैत्रीण कुजबुजली, अम्मा, आपली मावसबहीण आहे म्हणून सांग. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "हो, आहे. इंडियाची आहे. माझ्या घरात जेवते. तुम्हाला तिच्याशी काय काम आहे ते मला सांगा." पोरं थोडा वेळ रेंगाळली आणि निघून गेली.

"खोटं का नाही बोललात, असं मी नंतर त्यांना विचारलं," मुलगी म्हणाली. "तर म्हणाल्या, घरात आलेल्या माणसाला घरातच चोर करायचं का?"

तव्यावरची भाकरी करपली. मला इतकी लाज वाटली की मुलीकडं बघवेना. त्यांच्या दारात काठ्या होत्या. माझ्या दारात कोण होतं? एक चौकस जाऊ.

दोन दिवसांनी पोरगा गेला, वसतिगृह उघडलं होतं. फाट्यावर बायका त्याला शेंगदाणे, मसाला, पापड बांधून द्यायला आल्या होत्या. खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." तो माझ्या पाया पडला. एसटी गेली.

मग पुढच्या आठवड्यात, ट्रे भरता भरता, मी जावेला सांगून टाकलं. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. म्हणाले, "बाई, तो पोरगा कलकत्त्याचा नव्हता. बांगलादेशचा होता. मुसलमान होता."

जावेनं हातातला ट्रे खाली ठेवलासुद्धा नाही. "म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"आला त्या दिसापास्नं. ठाण्यातनं पोलीस पाटलाला फोन आलता. पाटलानं तुज्या दिरास्नी सांगितलं. चार टाळकी बडबडली, न्हाई असं न्हाई. तुज्या दिरांनीच गप केली त्यांना."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू सांगंना, तवा आमी कशाला इचारावं? म्हटलं, आसंल काय तरी." थोडा वेळ ती रोपं चाचपत राहिली. मग तिचा आवाज चढला. "आन काय गं, फेटा कशापायी बांदला आमी त्याला? आपल्या पोरीला ज्या बाईनं संबाळलं तिचं पोरगं म्हनून बांदला. कलकत्त्याच्या मानसाला कोन फेटा बांदतंय? माईकवर त्यानं आईचं नाव घ्यावं, गावानं टाळ्या वाजवाव्या, आसं ठरलं व्हतं तुज्या दिरांचं. तर ते पोरगं तुज्याकडं बगून 'कलकत्त्याचा' म्हनलं."

जाऊ ट्रे घेऊन शेडनेटमध्ये निघून गेली.

पोराचा अधूनमधून मेसेज येतो. फेटा त्यानं वसतिगृहाच्या खोलीत खिळ्याला अडकवला आहे, त्याचा फोटो पाठवला. मित्र विचारतात कुठला, तर सांगतो, कलकत्त्याचा पाहुणा म्हणून मिळाला. तो फेटा त्याच्या आईच्या नावाचा होता, हे त्याला अजून माहीत नाही. फोन करून सांगावं तर आधी हे सांगावं लागेल, की अख्ख्या गावात त्याला भ्यालेली मी एकटीच होते.