वॉर्निश लावलेलं तोरण

हे मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. अर्धं तिला ठाऊक आहे, कारण ब्रश मी तिच्यासमोरच हातात घेतला होता. उरलेलं अर्धं आज पहिल्यांदा बाहेर काढतो आहे, आणि कुठून सुरुवात करावी ते अजून ठरत नाही.

तोरणापासून करतो.

बाळाराम माझा शाळेपासूनचा मित्र. तो डोळखांबकडच्या आमच्या गावात शेती करत राहिला. मी मुरबाडला एका कचेरीत नोकरी केली, निवृत्त झालो आणि शहापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला लोकांनी जे आणायचं ते आणलं – भिंतीवरची घड्याळं, एकाच साच्यातले गणपती. बाळारामने भाताच्या लोंब्यांचं तोरण आणलं. त्याने स्वतः वळलेलं. वर घट्ट वेणी, खाली झुलत्या लोंब्या, प्रत्येक दाण्याला लांब काळं कुसळ. ते भात आता त्याच्याशिवाय कुणी लावत नव्हतं. आम्ही त्याला नुसतं ‘जुनं’ म्हणायचो.

असलं तोरण शोभेसाठी नसतं. त्याचे वडील माझ्या वडिलांना दर हंगामात एक द्यायचे. ते दारावर टांगायचं, नवं आलं की उतरवायचं. आणि मध्ये त्यांचं बियाणं बुडालंच, तर आमच्या दारावरचं नेऊन पेरायचं. दारावर टांगलेलं असायचं ते मित्राचं पुढचं पीक. हे मला माहीत होतं. परत लिहितो – माहीत होतं.

मी जन्मभर लोकांच्या थाटामाटाला हसत आलो. सत्काराच्या शाली, फ्लेक्सवरचे हात जोडलेले चेहरे, छतातले निळे दिवे – कशालाच सोडलं नाही. आणि त्या तोरणाचं मी काय केलं? वॉर्निश लावलं. एकदा वाळल्यावर पुन्हा एकदा. मग काचेची पेटी करून घेतली, तिच्यावर लहानसा पिवळा दिवा. पाहुणे विचारायचे, कुठून घेतलंत हो? मी म्हणायचो, “मिळालं असंच.” मित्राने दिलं एवढंही तोंडातून निघत नसे. का निघत नसे? जाऊ द्या, त्याहून वाईट पुढे आहे.

पुढच्या वर्षी कापणीच्या तोंडावर रानडुकरं शिरली. मला कळलं ते उन्हाळ्यात, लोक पेरणीआधी पालापाचोळा पसरून राब भाजत होते तेव्हा. बाळारामचा फोन आला.

“वसंता, डुकरांनी जुन्याचं खाचर पार लोळवलं रे. बियाला दाणा नाय राहिला. पण तुझ्या दारावर हाय, म्हणून मला घोर नाय. येतो रविवारी, तोरण उतरवून ठेव.”

वॉर्निश लावलं रे – एवढंच म्हणायचं होतं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलला नसता. मी म्हणालो, “तुझे गुडघे दुखतात, जिना कशाला चढतोस? मीच दाणे चोळून घेऊन येतो.”

“तिसऱ्या मजल्यावर बरा शेतकरी झालास,” तो म्हणाला आणि हसला.

फोन ठेवून पेटी उघडली. थोडे दाणे काढले, थिनरने पुसले, ओल्या फडक्यात बांधून ठेवले. रोज फडकं उघडून बघत होतो. कोंब येत नव्हता, वॉर्निशचा वास मात्र येत होता. रविवार जवळ येत होता. शनिवारी मी एसटीने मुरबाडला गेलो, ओळखीच्या भातगिरणीत, आणि पोत्यातून तसंच लालसर, अजून न भरडलेलं भात लहान पिशवीभर मागून घेतलं.

“काय साहेब, कोंबड्या पाळल्या का?” गिरणीवाल्याने विचारलं.

“हो,” म्हणालो. खोटं बोलायची तिथे गरजही नव्हती. पण सवय लागत चालली होती.

दाणे चोळले की कुसळ गळून जातं. मग या दाण्यात आणि त्या दाण्यात फरक दिसतो थोडा – बघणाऱ्याला. रविवारी गावी जाऊन मी पिशवी दिली, तेव्हा बाळारामने बघितलंच नाही. पिशवी कपाळाला लावली आणि आत नेऊन ठेवली. माझ्या हातून आलेली वस्तू तो पारखणार होता का?

आश्विनात त्याने मला लोंब्या बघायला बोलावलं. नको म्हणायला कारण सुचलं नाही. बांधावर तो, मी आणि त्याची बायको, कमळवहिनी. भात जोमदार आलं होतं. कुसळ कुठेच नव्हतं. बाळारामने एक लोंबी ओढून हातात धरली, उलटसुलट केली. मग वहिनींकडे वळला.

“तूच केलंस गो हे. दुसरं बी मिसळलंस. सांगितलेलं ना, याला वेगळं ठेव?”

“मी हात पण नाय लावला. तुमीच सोडली पिशवी, तुमीच पेरलं.”

“मंग काय वसंताने मिसळलं?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “भावजी, तुमीच सांगा.”

मला विचारलं होतं. सरळ, तोंडावर. खाचरात आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं, कुणाचा धाक नव्हता. आणि मी – मी समजूतदार आवाजात म्हणालो, “जाऊ दे बाळ्या. चुकतं एखाद्याचं.”

मी त्यांना माफ केलं. त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल, मी केलेल्या गोष्टीबद्दल. वहिनींनी विळा उचलला आणि बांधावरून खाली उतरल्या. त्यानंतर बाळाराम त्यांना बियाण्याला हात लावू देत नाही. लग्नाकार्यात चारचौघांत सांगतो, “आमच्या हिने बापजाद्यांचं भात बुडवलं,” आणि माणसं हसतात. मी तिथे असतो. मी जेवतो.

गेल्या दिवाळीत तो जिना चढून आला, कठडा धरत, मजल्यामजल्यावर थांबत. हातात नवं तोरण. त्या गिरणीच्या भाताचं. वेणी तशीच घट्ट.

“जुनं काय मिळालं नाय रे. लय गावं विचारली,” तो म्हणाला. “लाज वाटते, पण बांध.” मी हलेना तेव्हा त्यानेच खुर्ची ओढली, चढला आणि दारावर बांधलं. मी खुर्ची धरून उभा होतो.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झाल्यावर सांगेन, असंही म्हणत नाही.

जुनं भात आहे. त्या रविवारपासून पेटीतून काढून बेडरूमच्या कपाटावर ठेवलेलं, बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून. मधूनमधून खाली काढून बघतो. दाणा गळत नाही, कीड लागत नाही. काळी कुसळं अजून चमकतात.