नाका उठल्यावरचा माणिकप्पा

परंड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या वाटेवर, निजामाच्या हद्दीच्या टोकाला करोडगिरीचा नाका होता. मुलखाबाहेर जाणाऱ्या मालावर तिथं जकात भरावी लागे. माणिकप्पा त्या नाक्यावर शिपाई. आडवा बांबू उचलायचा आणि पाडायचा, एवढंच काम; पण सतरा वर्षं त्यानं ते इमानानं केलं. नाक्यावर जकात घेणाऱ्या मुन्शींच्या पावतीशिवाय सख्ख्या मेव्हण्याचीही गाडी सोडली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

एकदा मुन्शी लग्नाला गेले होते. नेमका तेव्हाच बिराप्पा धनगर भुईमुगाच्या शेंगांची गाडी घेऊन आला. माल कुर्डुवाडी स्टेशनातून मुंबईला जायचा होता.

"शिपाईदादा, आभाळ लई भरलंय. जकात घ्या न् सोडा मला."

"पावती न्हाय, तर वाट न्हाय."

गाडी तीन दिवस उभी राहिली. अवकाळी पाऊस कोसळला, पोती भिजली, शेंगा काळ्या पडल्या. बिराप्पानं बैल माघारी वळवले. जाताना त्यानं काळ्या शेंगांची एक ओंजळ बांबूपाशी ओतली, आणि तेच माणिकप्पाला जास्त लागलं.

निजामाचा मुलूख भारतात विलीन झाल्यावर काही वर्षांनी करोडगिरी बंद झाली. नाका उठला. माणिकप्पाला सडकेच्या कामावर घेतलं. खडी फोडायची, खड्डे बुजवायचे. डोक्यावरचं पागोटं गेलं, हातात घमेलं आलं. सुरुवातीला ओळखीचं कुणी दिसलं की तो पाठ फिरवून उभा राही.

अशाच एका पावसाळ्यात ओढ्याच्या चिखलात एक गाडी रुतली. माणिकप्पानं धावत जाऊन चाकाला खांदा लावला. गाडी वर निघाल्यावर पाहतो तर समोर बिराप्पा.

"आडवणारा ढकलाय कधीपासनं लागला?" बिराप्पानं विचारलं.

"चुकलं व्हतं माझं, आप्पा. तवाच कळलं व्हतं. बोलाय तोंड न्हवतं."

बिराप्पानं कंबरेची पानाची चंची सोडली आणि त्याच्यापुढं धरली. दोघं ओढ्याच्या काठावर पान खात बसले.

एकसष्ट साली बिराप्पाच त्याला मुंबई दाखवायला घेऊन गेला. बिराप्पाचा मेव्हणा धोंडीबा तिथं गोदीत हमाल होता. त्या हद्दीपलीकडचं जग माणिकप्पानं कधी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर पेंडीची पोती, कापसाच्या गाठी, चामड्याचे गठ्ठे यांचे ढीग लागले होते आणि क्रेनचं एक मोठं लोखंडी बोट आकाशातून खाली येऊन ते उचलत होतं.

"समुद्र हाय म्हणून एवढं वाढलं व्हय हे?" त्यानं विचारलं.

धोंडीबा हसला. "समुद्र कोकणात गावोगाव हाय, दादा. तिथं मासळी सुकतीया. इथं घाटातनं आगगाडी येती. तिच्या स्टेशनाला सडका येत्यात, सडकंला गाडीवाटा. एक वाट तुटली की इथं तेवढी जागा रिकामी ऱ्हाती बघा."

माणिकप्पा बराच वेळ त्या ढिगांकडं पाहत राहिला. सतरा वर्षांत आपल्या बांबूपाशी थांबलेल्या गाड्या त्याच्या डोळ्यांपुढून जात होत्या. हुकूम होता, हे खरं. पण ती वाट कुठं जाते, हे एकदाही विचारलं नाही, हेही खरं.

घरी आल्यावर बायको गजराबाईनं विचारलं, "समुद्र कसा व्हता?"

"पाणीच की. पर लोकांनी तिथवर वाटा किती केल्यात, ते बघाय पायजे."

त्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तो गाडी रुतलेल्या त्या ओढ्यात दगड रचायला लागला. गजराबाई मुरूम आणून टाकी. मग बिराप्पा आला, मग येणारे-जाणारे गाडीवान दोन-दोन दगड टाकू लागले. श्रावणात पहिल्यांदाच गाड्या ओढ्यातून न रुतता पार झाल्या.

पुढं तीन वर्षांनी सरकारनं तिथं ओढ्यावर लहान पुलासारखी पक्की मोरी बांधायला घेतली. माणिकप्पानं रचलेले दगड तिच्या पायाभरणीत गेले. ते बघायला गेलेल्या गजराबाईला वाईट वाटलं. तो मात्र काम करणाऱ्या मिस्त्रीला म्हणाला, "रुंद करा जरा. लॉऱ्या येत्याल आता."