सोन्याचा ओला गाळ

प्रयोगशाळेत तिला सगळे कुलूपबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. रसायनांच्या कोठीवर बावीस वर्षं तिचं राज्य होतं. सही घेतल्याशिवाय ती चिमूटभर मीठ द्यायची नाही. गोल्ड क्लोराइडची तपकिरी बाटली काढताना तर तिच्या कपाळाला हमखास आठी पडे. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे मज्जातंतूंचे पातळ काप रंगवायला ते पिवळे-केशरी खडे लागत. हवा लागली की पाघळत, आणि बोटाला लागले की जांभळा डाग आठवडाभर हलत नसे.

नवे विभागप्रमुख आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही बाटल्या सांभाळा. अक्कल आम्ही सांभाळतो."

तिनं ते गिळलं, पण विसरली नाही.

एकदा वापरून उरलेल्या द्रावणातून सोनं परत काढायचं त्यांच्या मनात आलं. त्यांनी अमोनिया मागितला.

"सोन्याच्या द्रावणात अमोनिया नको, साहेब. तो गाळ वाळला की नुसतं खरवडलं तरी उडतो."

"कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"माहितीपत्रक वाचायला कॉलेज लागत नाही."

साहेब लालबुंद झाले. अमोनिया त्यांनी शेजारच्या विभागातून आणवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत डोकावली, तर खिडकीजवळ गाळणकागदावर पिवळसर गाळ पसरलेला. मधे ओला, कडा वाळलेल्या. साहेबांची संशोधक विद्यार्थिनी स्टीलचा चमचा घेऊन त्याच्यावर वाकलेली.

"लावू नकोस चमचा! मागे हो, हळू. आता बाहेर."

मुलगी चमचा तसाच हातात धरून बाहेर आली. कुलूपबाईनं मजला रिकामा केला आणि स्फोटकं हाताळणाऱ्या पथकाला फोन लावला. साहेब जिन्यातच ओरडले, "काय तमाशा मांडलाय?"

"तमाशा तुमचा. मी फक्त बघे हलवले."

पथकानं लांबून फवारा मारून गाळ भिजवला, भरपूर पाण्यात बुडवून उचलला. कडेचा एक वाळका कण मात्र टेबलाला चिकटला होता. जाड हातमोज्यातल्या माणसानं तो हलवताच फाडकन आवाज झाला नि खिडकीची काच फुटली. एवढासा कण, मोहरीएवढा.

तरीही संध्याकाळी मेमो तिलाच मिळाला: परवानगीशिवाय मजला रिकामा केला. चौकशीत मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मला नीट आठवत नाही." साहेबांच्या बोलण्यापेक्षा ते वाक्य बाईला जास्त झोंबलं.

पथकाच्या अहवालापुढे मेमो मागे घ्यावा लागला. माफी कुणी मागितली नाही. महिन्याभरानं मुलगी कोठीच्या दाराशी आली.

"बाई, माझा प्रबंध त्यांच्या हातात आहे हो."

"आणि तुझे दोन्ही हात शाबूत आहेत ते कुणामुळे?"

मुलगी रडू लागली. बाईचं काळीज काही हललं नाही. तिनं सहीची वही पुढे सरकवली. "काय हवंय ते लिही."